विजापूर रोडवर किती देशांचं जेवण मिळतं? विविधता मोजताना होणारी एक चूक



संध्याकाळी सातनंतर सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागा आणि सैफुलच्या दिशेने सावकाश चालत जा. खायचं काही नाही, फक्त पाट्या वाचायच्या. चायनीज, तिबेटी मोमो, इटालियन पिझ्झा-पास्ता, मेक्सिकन रॅप, अरबी शोर्मा आणि आता कोरियन रामेनसुद्धा. तासाभरात सहा देश फिरून होतात. ज्या हॉटेलला एका देशावर भागत नाही, त्याच्या पाटीवर 'मल्टिक्युझिन' असतं. माझ्या शाळेच्या दिवसांत हॉटेलात जायचं म्हणजे डोसा नाहीतर पावभाजी, एवढंच होतं. त्यामुळे हा रस्ता बघून सोलापूर बदललं असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

आज या रस्त्याची समीक्षा करायची आहे. कुठली डिश कुठे चांगली मिळते, ते सांगणारी नाही. 'इथे विविध देशांचं जेवण मिळतं' हे वाक्य संशोधनातलं विधान म्हणून टिकतं का, ते तपासायचं आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींचा आराखडा लिहून होत आलाय. या रस्त्यावर मी जी चूक केली ती तुमच्या आराखड्यात असण्याची शक्यता बरीच आहे, विषय कुठलाही असो.

चूक कशी झाली

माझा विषय गवताळ माळरान. नान्नजच्या बाजूला आपल्याकडे जशी माळरानं आहेत, तशा ठिकाणी जमिनीवर चौकट टाकायची, आतली गवतं ओळखायची, मोजायची आणि त्यावरून विविधतेचा निर्देशांक काढायचा. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एका कार्यशाळेत सांगितलं गेलं, की हाच निर्देशांक तुमच्या विषयाबाहेरच्या गोष्टीवर वापरून पोस्टर करा. मी विजापूर रोड घेतला. वही घेऊन दोन संध्याकाळी फिरले, खाण्याच्या जागा नोंदवल्या, देशांप्रमाणे रकाने पाडले आणि जे कुठल्याच देशात बसेना त्याला 'स्थानिक' असा एक रकाना दिला. निर्देशांक चांगला भरघोस आला. पोस्टरवर रंगीत झेंडे लावले. लोकांनी फोटो काढले.

मग एक वयस्कर परीक्षक आले. त्यांनी तक्ता शांतपणे वाचला आणि विचारलं, "हे वर्ग कुणी पाडले?"

मी म्हटलं, "सर, पाटीवर जे लिहिलंय त्याप्रमाणे."

"मग हा पाट्यांचा अभ्यास झाला. जेवणाचा कुठंय?"

एवढं बोलून ते पुढच्या पोस्टरकडे गेले. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, वर्षभराच्या कोर्सवर्कमध्ये मला मिळालेलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच होतं.

आधी निर्देशांक समजून घेऊ

विविधता मोजायला परिसरशास्त्रात शॅननचा निर्देशांक सर्रास वापरतात. क्लॉड शॅनन हा मूळचा संदेशवहनाचा माणूस. १९४८ च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधातलं हे सूत्र नंतर झाडा-प्राण्यांच्या मोजणीत आलं. रीत सोपी आहे. प्रत्येक वर्गाचा एकूणातला वाटा घ्या, त्याला त्याच्याच नैसर्गिक लॉगने गुणा, सगळ्या वर्गांची बेरीज करा आणि उणे चिन्ह काढा. आलेल्या आकड्याचा घातांक घेतला, म्हणजे e चा तेवढा घात केला, की 'प्रभावी वर्गसंख्या' मिळते. म्हणजे काय, तर सारख्या वाट्याचे किती वर्ग असते तर एवढीच विविधता दिसली असती.

आता एक उदाहरण. यातले आकडे निव्वळ हिशेबासाठी घेतलेत, सर्वेक्षणातले नाहीत. समजा रस्त्यावर २० जागा आहेत. पाट्यांप्रमाणे पाच देश, प्रत्येकाच्या चार जागा. निर्देशांक येतो १.६१ आणि प्रभावी वर्गसंख्या बरोबर ५. छान!

आता त्याच २० जागांच्या स्वयंपाकघरात डोकावा. समजा त्यातल्या १६ ठिकाणी मोठ्या आचेवरची कढई, आलं-लसूण-हिरवी मिरची, सोया सॉस, लाल चटणी आणि कॉर्नफ्लोअर एवढ्यावरच सगळं चालतं. उरलेल्या चार ठिकाणी ओव्हन, मैद्याचा बेस आणि चीज. वर्ग दोन, वाटा ०.८ आणि ०.२. निर्देशांक येतो ०.५० आणि प्रभावी वर्गसंख्या साधारण १.६५.

जागा त्याच, मोजणाराही तोच. फक्त वर्ग पाडायची रीत बदलली आणि पाचाचे पावणेदोनसुद्धा उरले नाहीत. सूत्राने कुठेही चूक केली नाही. त्याला जे वर्ग दिले, ते त्याने निमूटपणे मोजले. एसपीएसएस किंवा आर तुम्हाला कधीच सांगणार नाही, की तुमचे वर्ग चुकलेत.

शेजवान नावाचा वर्ग

आता खऱ्या ताटाकडे येऊ. या रस्त्यावर सगळ्यात जास्त ज्याचा वास येतो ते म्हणजे चायनीज, त्यामुळे थांबायचं तर तिथेच थांबू.

'शेजवान' म्हणजे चीनमधला सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणाची खूण तिखटपणा एवढीच नाही. तिथे एक मिरीसारखं फळ वापरतात, त्याने जीभ आणि ओठ झिणझिणतात. ते ज्या झाडाचं, त्या प्रजातीचं शास्त्रीय नाव झँथोझायलम. झिणझिण्या आणणाऱ्या द्रव्याला सॅन्शूल म्हणतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या ओठांना ही मिरी लावली आणि ती झिणझिण बोटावर दिलेल्या यांत्रिक कंपनाशी जुळवायला सांगितली. ती सेकंदाला ५० कंपनांच्या आसपास जुळली. म्हणजे ही नुसती चव नाही, स्पर्शाच्या चेतातंतूंशी केलेला खेळ आहे.

आपल्या शेजवान चटणीत यातलं काही नाही. भिजवलेल्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, तेल, व्हिनेगर. जीभ भाजते, पण झिणझिणत नाही. गंमत म्हणजे त्याच झँथोझायलम प्रजातीतलं एक फळ आपल्याच राज्यात मिळतं. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत घालतात ते तिरफळ. म्हणजे सिचुआनचा जवळचा नातेवाईक मालवणच्या आमटीत आहे आणि 'शेजवान' लिहिलेल्या प्लेटमध्ये नाही.

मंचुरियनचं तर मूळच इथलं. नेल्सन वांग या भारतात जन्मलेल्या चिनी वंशाच्या स्वयंपाक्याने १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकनचे तुकडे आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून केले, अशी त्याची बहुतेक ठिकाणी सांगितली जाणारी हकीकत आहे. मंचुरियाशी त्याचा नावापुरता संबंध. त्यातल्या चिकनच्या जागी फुलकोबी आली आणि कर्नाटकात गोबी मंचुरियन घराघरात गेलं. आपण सीमेवरचे लोक, विजापूरची एसटी शंभरेक किलोमीटरवर पोचते. सोलापूरच्या गाड्यावरची गोबी बीजिंगपेक्षा बेंगळुरूला कितीतरी जवळची आहे.

मोमो, शोर्मा, पास्ता यांच्याबद्दल थोडक्यात. मोमोबरोबरची लाल चटणी त्याच भांड्यातली. शोर्म्यात मेयोनीज जास्त, आणि चिकन बहुतेक वेळा तंदुरीच्या मसाल्यातलं. व्हाइट सॉस पास्ता कधीकधी खरंच बरा असतो, कारण दूध, मैदा आणि लोणी बिघडवायला तसं कठीणच. कोरियन रामेन म्हणजे पाकिटावरची सूचना किती नीट पाळली यावर अवलंबून.

पण 'हे अस्सल नाही' म्हणून सुटका नाही

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळं नकली, खरं ते आपलं शेंगाचटणी आणि कडक भाकरी. थांबा. समीक्षकाची सगळ्यात आळशी उडी हीच, आणि मीही ती मारली होती.

शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. म्हणजे सोलापूरची ओळख म्हणून पुण्या-मुंबईला डबे भरून जाणाऱ्या शेंगाचटणीचे दोन्ही मुख्य घटक समुद्रापलीकडचे. ज्वारी? तिची लागवड पहिल्यांदा आफ्रिकेत सुरू झाली, आजच्या सुदानच्या पूर्वेकडच्या भागात. आपली मालदांडी ज्वारी आणि तिच्यातून मोहोळच्या केंद्रात निवडलेलं एम ३५-१ वाण यांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण मुळाचं गाव विचारलंत तर ते इथलं नाही. गोबीतली फुलकोबीसुद्धा इंग्रजांनी १८२२ च्या सुमारास आणलेली.

मग उगमावरून वर्ग पाडले तर सोलापूरचं सगळ्यात 'आंतरराष्ट्रीय' ताट कुठलं? शेंगाचटणी आणि कडक भाकरी! दोन खंड एका ताटात. हा निष्कर्ष चूक नाही, पण विजापूर रोडबद्दल तो काहीच सांगत नाही.

तर मुद्दा असा, की नाव, स्वयंपाकाची रीत आणि घटकांचं मूळ या तिन्हींवरून वर्ग पाडता येतात आणि तिन्ही उत्तरं वेगळी येतात. त्यातलं एक खरं आणि बाकी खोटी, असं नसतं. प्रत्येक वर्गवारी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. सोलापूरकरांना बाहेर जेवताना काय खातोय असं वाटायला आवडतं, हा प्रश्न असेल तर पाट्या मोजा, झेंडे लावा, काही बिघडत नाही. जिभेला किती प्रकारची चव मिळते हा प्रश्न असेल, तर कढई मोजावी लागेल. माझ्या पोस्टरवर प्रश्न दुसरा होता आणि मोजमाप पहिल्याचं.

मोठ्या लोकांचंही असंच होतं का?

२०११ मध्ये आन, आनर्ट, बॅगरो आणि बाराबासी यांचा 'फ्लेवर नेटवर्क' नावाने ओळखला जाणारा शोधनिबंध आला. ५६,४९८ पाककृती घेऊन त्यांनी तपासलं, की एकत्र शिजवल्या जाणाऱ्या घटकांमध्ये चवीची द्रव्यं समान असतात का. पाश्चात्त्य पाककृतींत तसा कल दिसला, पूर्व आशियाई पाककृतींत उलटा. २०१५ मध्ये अनुपम जैन, राखी आणि गणेश बागलर यांनी तोच प्रश्न भारतीय जेवणाला विचारला. २,५४३ पाककृती, १९४ घटक. भारतीय जेवणात समान द्रव्यांचे घटक एकत्र येणं टळतं आणि त्यात मसाल्यांचा वाटा मोठा, असं त्यांना आढळलं. दोन्ही निबंध जरूर वाचा. प्रश्न एका ओळीत कसा मांडावा, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

आता त्यांना परीक्षकांचा प्रश्न विचारू. वर्ग कुणी पाडले? पहिल्या निबंधात दोन अमेरिकी आणि एक कोरियन संकेतस्थळ. बहुतांश पाककृती उत्तर अमेरिकी गटातल्या. दुसऱ्यात तरला दलाल यांचं संकेतस्थळ आणि तिथले आठ उपगट, त्यात 'महाराष्ट्रीय' हा एक. म्हणजे तिरफळ घातलेली मालवणी आमटी, सावजी रस्सा आणि आपली शेंगाभाजी एकाच डब्यात. शिवाय घटक आहे की नाही एवढंच बघितलं जातं; चिमूटभर की वाटीभर, तळलं की उकडलं, हे नाही.

याने निबंध मोडीत निघतो का? अजिबात नाही. माहिती कुठून घेतली हे त्यांनी उघड लिहिलंय आणि त्यांचा प्रश्न घटकांच्या जोड्यांचा आहे, जिल्ह्यांचा नाही. चूक आपली होते, जेव्हा आपण आराखड्यात लिहितो, 'महाराष्ट्रीय जेवणाबाबत असे सिद्ध झाले आहे की...' दुसऱ्याने एका प्रश्नासाठी केलेला डबा उचलून आपण भलत्याच प्रश्नासाठी वापरतो. संदर्भसाहित्याचा आढावा घेताना प्रत्येक निबंधापुढे एक ओळ लिहायची सवय लावा: वर्ग कुठून आले?

चुकीचा वर्ग कधी महागात पडतो

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. त्याआधी तपासलेल्या गोबीच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत असे रंग आढळले होते.

समजा तुम्हाला सोलापुरात असाच अभ्यास करायचाय. नमुने कसे निवडाल? पाटीवरच्या देशांप्रमाणे स्तर पाडलेत, प्रत्येक देशाचे दहा, तर अर्धे पैसे पास्ता आणि पिझ्झ्यावर जातील. रंग देशात नसतो, तो लाल चटणीच्या भांड्यात असतो. एकच भांडं गोबीला, शेजवान राइसला, मोमोला आणि 'मेक्सिकन' रॅपलाही पुरतं. इथे स्तर सॉसप्रमाणे पाडायला हवेत. उलट बाजूने, १०७ भागिले १७१ म्हणजे साधारण ६२.६ टक्के, हा आकडा उचलून 'बाहेरचं बासष्ट टक्के खाणं असुरक्षित' असं लिहिलंत तर तेही चूक. तो आकडा कर्नाटकातल्या गोबीचा आहे. वर्ग जेवढा, विधान तेवढंच.

आणि तो 'स्थानिक' रकाना

पोस्टरच्या दिवशी संध्याकाळी घरी गेले. आमचं घर पूर्व भागात. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आलेले. घरात अजूनही तेलुगू बोलतो. त्या रात्री भाकरीबरोबर पच्चिपुलुसू होतं. कच्च्या चिंचेच्या पाण्यात कांदा-मिरची कुस्करून करतात, न उकळता. जेवताना परीक्षकांचं वाक्य डोक्यात होतं आणि लक्षात आलं, की हे ताट माझ्या तक्त्यात कुठेच नाही. फार तर 'स्थानिक'. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला गर्दी लोटते तेव्हा आमच्या गल्लीत तळल्या जाणाऱ्या सकिनालू, कन्नड बोलणाऱ्या घरातली हुग्गी, विजापूर वेस भागातली रमजानची संध्याकाळ, हे सगळं मी एका रकान्यात कोंबलं होतं. साता समुद्रापारच्या एकाच सॉसला सहा रकाने आणि चार भाषांच्या शहराला एक.

आणि हे माझ्या हातून झालं, बाहेरून आलेल्या कुणाच्या हातून नाही. म्हणून जास्त लागलं.

कारण शोधलं तेव्हा दिसलं, की दोष फक्त रकान्यांचा नव्हता. मी मोजणीचं एकक घेतलं होतं 'हॉटेल' आणि हद्द घेतली होती विजापूर रोड. पच्चिपुलुसूची पाटी कुणी लावत नाही, ते घरात शिजतं. माळरानावर मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर पावसाळ्यात उगवून वाळून गेलेली वर्षायू गवतं चौकटीत येत नाहीत. ती तिथे नाहीत, असं आपण लिहीत नाही; आपण लिहितो की हे उन्हाळ्यातलं निरीक्षण आहे. हे भान मला गवताबद्दल होतं, माणसांबद्दल राहिलं नाही.

मग रस्त्याबद्दल निकाल काय?

माझं मत सांगते. विजापूर रोडवर सहा देशांचं जेवण मिळत नाही. तिथे मिळतं ते एक धीट, लसणाने भरलेलं, तिखट, कढईतलं जेवण, जे सोलापूरच्या जिभेला जुळवून घेत घेत घडलंय. त्याच्यासोबत थोडं ओव्हनचं. याला कुणाची नक्कल म्हणून हिणवायचं कारण नाही. शेंगाचटणीही अशीच कधीतरी नवी होती. चांगल्या गाड्यावरची गोबी कडेने कुरकुरीत आणि आतून ओलसर असते, सॉस तिला धरून असतो, ती दहा मिनिटांत मऊ पडत नाही. ते जमवायला हात लागतो. माझी तक्रार कढईबद्दल नाहीच. पाटी वाचून कढईबद्दल लिहिणाऱ्याबद्दल आहे, आणि त्यात मी पहिली.

तुमच्यासाठी काम. तुमच्या आराखड्यातला एक तक्ता उघडा. लिंग, वय, पीक, मातीचा प्रकार, आजार, काहीही असो. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर पेन्सिलने लिहा, हा वर्ग कुणी पाडला आणि माझ्या प्रश्नासाठी पाडला का. मग 'इतर' किंवा 'स्थानिक' नावाचा रकाना शोधा. तो असतोच. त्यात नक्की काय काय कोंबलंय, त्याची यादी करा. यादी तुमच्या मुख्य रकान्यांपेक्षा लांब निघाली, तर तक्ता पुन्हा आखा, मार्गदर्शकांकडे जाण्याआधीच.

माझ्या वहीत तो जुना तक्ता अजून आहे. 'स्थानिक' खोडून तिथे मी चार ओळी आखल्यात. अजून भरलेल्या नाहीत, कारण त्यासाठी हॉटेलात नाही, लोकांच्या घरी जावं लागेल.